सेनापती संताजीराव घोरपडे : स्वाराची नजर आणि पायदळाचा पाय

देवालयाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला म्हणजे लोकांची नजर प्रथम कळसावर जाते. शिवेवरून येणारा वाटसरू कळस पाहूनच हात जोडतो. परंतु ते शिखर ज्या पायावर तोललेले असते तो जमिनीखाली असतो आणि कोणाच्या नजरेस पडत नाही. फौजेचेही असेच आहे. घोड्यावरचा स्वार दुरून दिसतो, त्याच्या टापांची धूळ आधी दिसते आणि पोवाड्यात नाव त्याचेच गाजते. पायी चालणारा शिपाई त्या धुळीमागून येतो. या दोघांचे मोल नेमके ओळखून, एकाची नजर आणि दुसऱ्याचा पाय यांची सांगड घालणारा एक सेनापती या करवीर प्रांताशी नाते सांगतो. त्यांचे नाव संताजीराव घोरपडे.

गडमुडशिंगीपासून जवळच सरनोबतवाडी हे गाव आहे. सरनोबत म्हणजे फौजेचा मुख्य. हा शब्द आज नित्याच्या बोलण्यातून गेला, पण गावाच्या नावात टिकून राहिला. दक्षिणेकडे कागल तालुक्यात चिकोत्रा नदीच्या खोऱ्यात सेनापती कापशी आहे. त्या गावाच्या नावातील सेनापती हा शब्द संताजीरावांच्या घराण्याची आठवण देतो. पूर्वेस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर कुरुंदवाड आहे. तेथील घाटाशी त्यांच्या समाधीची परंपरा जोडलेली आहे. अशा या मुलखात त्यांचे चरित्र नव्या पिढीच्या कानी पडावे हे उचितच होय.

घराणे व पित्याचे बलिदान

घोरपडे घराणे हे भोसल्यांच्याच कुळातील एक शाखा, अशी परंपरा आहे. संताजीरावांचे वडील म्हाळोजीबाबा घोरपडे हे थोरल्या महाराजांच्या काळापासूनचे जुने लढवय्ये. सन १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते यांना वीरमरण आले. त्यांच्या मागे फौजेची धुरा म्हाळोजीबाबांकडे आली. संताजी, बहिर्जी आणि मालोजी हे त्यांचे तीन पुत्र. तिघांनीही पुढे तलवार गाजविली.

सन १६८९ च्या आरंभी स्वराज्यावर मोठा घाला आला. छत्रपती संभाजी महाराज त्या वेळी कोकणात संगमेश्वरी होते. मोगलांचा सरदार शेख निजाम, ज्यास मुकर्रबखान ही पदवी होती, तो याच कोल्हापूरच्या बाजूस तळ देऊन होता. त्याच्या हेरांनी महाराजांचा ठावठिकाणा अचूक आणला. खानाने निवडक घोडदळ व पायदळ घेऊन सह्याद्रीची अवघड वाट धरली. वाट इतकी बिकट होती की बरीचशी माणसे मागे राहिली आणि संगमेश्वरी पोचले ते थोडेच स्वार. पण तेवढे पुरेसे झाले. महाराजांजवळ त्या वेळी फौज थोडी होती. म्हाळोजीबाबांनी पराक्रमाची शर्थ केली आणि धन्यासाठी तेथेच देह ठेवला. महाराज व कवी कलश शत्रूच्या हाती सापडले. पुढची दुःखद कथा सर्वांस ठाऊक आहे.

या प्रसंगात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सह्याद्रीच्या वाटा मराठ्यांच्या. तेथील प्रत्येक खिंड त्यांच्या परिचयाची. असे असता त्या वाटेवरून शत्रू आला आणि वेळेवर खबर पोचली नाही. शत्रूच्या हेरांनी आपले काम केले आणि स्वराज्याचा डोळा नेमका त्याच वेळी चुकला. वडिलांच्या मृत्यूचा हा धडा संताजीरावांच्या पुढील प्रत्येक मोहिमेत दिसतो. शत्रू कोठे आहे, किती आहे आणि उद्या कोठे असेल, हे कळल्याखेरीज त्यांची फौज सहसा हलत नसे.

स्वार आणि पायदळ : दोघांचे जिणे

संताजीरावांचा पराक्रम समजून घेण्यासाठी त्या काळच्या फौजेची रीत थोडी पाहणे आवश्यक आहे.

शिवछत्रपतींनी घोडदळाची जी व्यवस्था घालून दिली तिचे वर्णन सभासदाच्या बखरीत आले आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पायदळात दहा माणसांस एक नाईक, पन्नासांस एक हवालदार, दोन-तीन हवालदारांस एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांस एक हजारी.

दोन्हीकडच्या जुमलेदाराच्या हाताखाली माणसे जवळपास सारखीच. पण घोडदळाच्या जुमलेदारास वर्षाला पाचशे होन वेतन आणि पायदळाच्या जुमलेदारास शंभर. हजारीच्या बाबतीत हेच प्रमाण एक हजार आणि पाचशे असे होते. घोड्यावरच्या माणसाचा मान मोठा, दिमाख मोठा आणि खर्चही मोठा. त्यामुळे स्वाराने पायदळाकडे थोडे वरूनच पाहावे, हे त्या काळी साहजिक होते.

पण स्वाराचे जिणे सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. त्यातही जो फौजेच्या पुढे जाऊन शत्रूची चाहूल घेई त्याचे जिणे सर्वांत खडतर. अशा आघाडीच्या टेहळणी स्वारांना करोल म्हणत. यांच्या जोडीला पायी फिरणारे जासूद असत, तेही बैरागी, फकीर, व्यापारी अशा वेषांत. बहिर्जी नाईकांनी या विद्येचा पाया घातला होता. १६६४ च्या सुरत स्वारीआधी शहराची खडान्‌खडा माहिती त्यांनीच आणली होती. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर फौज संकटात सापडली, तेव्हा आडवाटेने तिला पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले तेही त्यांनीच. संताजीरावांच्या पिढीला ही विद्या वारशाने मिळाली.

टेहळणीवरचा स्वार पहाटे, उजाडण्यापूर्वी तळ सोडी. बरोबर सामान मोजकेच. खोगिराला बांधलेली घोंगडी, तोबऱ्यात घोड्याची चंदी, फडक्यात भाकरी. भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टे अंगाने लहान पण काटक. डोंगर चढणारी, थोड्या वैरणीवर निभावणारी. स्वार आधी घोड्याला पाणी दाखवी आणि मग आपण पिई, कारण घोडे थकले की तो संपला. घोड्याचा नाल निघाला तर रानात नालबंद कोठला? घोडे खिंकाळले तर आडोशाला बसूनही ठिकाण कळे. उन्हाळ्यात धूळ उडे आणि कोसावरून दिसे. म्हणून हे स्वार ओढ्याच्या पात्रातून, झाडीच्या कडेने, वाऱ्याचा रोख पाहून चालत.

त्यांनी पाहायचे काय? तर शत्रूच्या चुली किती आहेत, हत्ती किती, तोफा कोणत्या बाजूस जुंपल्या आहेत, पाणी कोठून भरले जाते, बैल ताजे आहेत की थकलेले, तळ उठण्याची लगबग आहे की नाही. हे सारे मनात साठवून परत यायचे. वाटेत शत्रूची तुकडी गाठ पडली तरी तलवार उपसण्याचा मोह आवरायचा, कारण टेहळणीवरचा माणूस मेला की त्याने पाहिलेले सारे त्याच्याबरोबर जाते. वेळेवर पळून येणे यातच त्याची मर्दुमकी होती. ज्या समाजात पाठ दाखविणे म्हणजे मानहानी, त्या समाजात ही शिकवण पचविणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करावी.

पायदळाच्या शिपायाचे जिणे अगदी निराळे. त्याला चंदी नको, नाल नको, मोतद्दार नको. खांद्यावर घोंगडी, कमरेला हत्यार, पाठीवर ढाल आणि ज्याच्याकडे असेल त्याच्या हातात तोड्याची बंदूक. त्याची चाल हळू, पण जेथे घोड्याचे खूर ठरत नाहीत त्या कड्यावर तो चढे. रात्री तो मुकाट्याने चाले आणि धूळही उडवीत नसे. त्याची बंदूक भरण्यास वेळ लागे, पावसात तोडा विझे, आणि मोकळ्या माळावर घोडदळ अंगावर आले तर तो चिरडला जाई. मात्र दगडाआड, झाडीत किंवा टेकडीच्या माथ्यावर एकदा तो बसला की त्याला हलविणे हत्तीलाही जड जाई. स्वाराचे शौर्य जागा सोडण्यात आणि पायदळाचे शौर्य जागा न सोडण्यात, असे या दोघांचे नाते होते.

आणखी एक भेद होता. पायदळाचा शिपाई आपल्या नाईकाच्या, दहा जणांच्या संगतीत राही. भीती वाटली तरी शेजारी माणूस असे. टेहळणीचा स्वार मात्र बहुधा एकटा, फार तर दोघे-तिघे. त्याचा सोबती म्हणजे त्याचे घोडे. त्याने आणलेल्या एका शब्दावर हजारोंचे प्राण अवलंबून असत आणि तो शब्द खरा की खोटा हे ठरविणारा साक्षीदार दुसरा कोणी नसे. म्हणून सेनापतीला या माणसांची पारख असावी लागे. संताजीरावांस ती होती.

बादशाही डेऱ्याचा कळस

संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. रायगडास झुल्फिकारखानाचा वेढा पडला होता. औरंगजेब बादशहा भीमेकाठी कोरेगाव-तुळापूरच्या बाजूस प्रचंड छावणी देऊन होता. मराठी राज्य संपले, असे त्या छावणीत उघड बोलले जात होते.

अशा वेळी संताजीरावांनी आपले बंधू बहिर्जी व मालोजी आणि विठोजी चव्हाण यांच्यासह, थोडे निवडक स्वार घेऊन रात्री त्या छावणीतच शिरकाव केला. बखरी सांगतात की पहारेकऱ्यांनी हटकले तेव्हा त्यांनी आपण बादशाही चाकरीतील मराठे सरदारांचीच माणसे असून गस्तीवरून परत येत आहोत, असे सांगितले. छावणीची रचना आणि गस्तीची रीत आधी नीट पाहून ठेवल्याशिवाय असे धाडस करता येत नाही. बादशहाच्या डेऱ्याचे तणावे तोडण्यात आले, डेरा कोसळला. बादशहा त्या रात्री दुसऱ्या डेऱ्यात असल्याने वाचला. डेऱ्यावरचे सोन्याचे कळस कापून घेऊन हे वीर सिंहगडाकडे निघून गेले. पुढे रायगडाच्या वेढ्यावर छापा घालून त्यांनी शत्रूचे हत्ती पळविले आणि सारे पन्हाळ्यास राजाराम महाराजांच्या पायाशी आणले.

महाराजांनी संताजीरावांस ममलकतमदार, बहिर्जीस हिंदुराव, मालोजीस अमीर-उल-उमराव आणि विठोजी चव्हाणांस हिम्मतबहाद्दर असे किताब दिले. रायगड त्याच वर्षी पडला, हे खरे. पण बादशहाच्या डोक्यावरचा कळस मराठ्यांनी उतरविला ही वार्ता गावोगाव पोचली आणि खचलेली मने पुन्हा उभी राहिली.

कर्नाटकाची वाट

राजाराम महाराज १६८९ च्या अखेरीस दक्षिणेत, आजच्या तमिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्यावर पोचले. इकडे रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण राज्य सांभाळीत होते. १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान हा मोठा मोगल सरदार कुटुंबासह मराठ्यांच्या हाती सापडला. त्या लढाईत संताजीराव होते. पुढे सेनापतिपद त्यांच्याकडे आले.

आता मराठ्यांचा राजा कोल्हापुरापासून दोनशे कोसांहून दूर, आणि मधला सारा मुलूख शत्रूचा. या अंतरावर फौज नेणे हे घोडदळाचेच काम. तोफा नाहीत, जड सामान नाही. वाटेत पाणी कोठे, वैरण कोठे, कोणत्या पाळेगाराचे मन कोणाकडे, हे आधी गेलेल्या स्वारांनी कळवायचे आणि मग फौजेने चालायचे. १६९२ च्या डिसेंबरात संताजीराव व धनाजी जाधवराव यांच्या फौजा जिंजी प्रांतात उतरल्या. कावेरीपाकजवळ संताजीरावांनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान यास पकडले आणि त्याच्याकडून एक लाख होनांची खंडणी घेतली. धनाजीरावांनी जिंजीजवळ इस्माइलखान मका यास धरले. वेढा घालणारेच वेढले गेले आणि मोगलांस काही काळ वेढा उठवून वांदिवाशकडे हटावे लागले.

या यशाचे कारण केवळ वेग नव्हे. वेग मोगल घोडदळाकडेही होता आणि त्यांची घोडी उंची होती. पण मोगल सरदार आपल्याबरोबर बाजार, कबिला आणि डेरे घेऊन चाले. त्याचा तळ म्हणजे चालते शहर. ते लपत नसे आणि वळतही नसे. संताजीरावांचे स्वार त्याला दिवसेंदिवस पाहत, आणि त्याला मात्र संताजीराव दिसत ते घाव पडल्यावरच.

दोड्डेरीची लढाई

संताजीरावांच्या युद्धविद्येचा कळस म्हणजे १६९५ च्या नोव्हेंबरातील दोड्डेरीची लढाई. दोड्डेरी हे गाव कर्नाटकात, चित्रदुर्गाच्या मुलखात आहे. बादशहाचा तळ तेव्हा मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीस होता. कर्नाटकातून लूट घेऊन परतणाऱ्या संताजीरावांची वाट अडविण्याचा हुकूम शिऱ्याचा सुभेदार कासिमखान यास झाला आणि त्याच्या मदतीस खानाजादखानास धाडण्यात आले.

मोठ्या सरदारांकडे डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात आज मुक्काम असे, दुसरा संच आदल्या दिवशीच पुढच्या मुक्कामी जाई. त्यास पेशखाना म्हणत. पाहुण्या खानाचे आदरातिथ्य थाटात करावे म्हणून कासिमखानाने उत्तम डेरे आणि सोन्यारुप्याची भांडी सुमारे तीन कोस पुढे रवाना केली. खानाला हा थाट वाटला. पण रानात लपून पाहणाऱ्या स्वाराला त्यावरून शत्रू उद्या कोठे असणार आणि त्याची फौज आज दोन ठिकाणी कशी विभागली आहे, हे कळले.

खबर मिळताच संताजीरावांनी फौजेचे तीन भाग केले. पहिल्या भागाने भल्या सकाळी पेशखान्यावर झडप घातली. ती वार्ता ऐकून कासिमखान घाईने पुढे निघाला, तेव्हा दुसऱ्या भागाने त्याला वाटेत गाठले. तिसरा भाग राखून ठेवला होता. खान झुंजत असता त्या तिसऱ्या भागाने मागे राहिलेला त्याचा मूळ तळच लुटला. पुढे डेरे नाहीत, मागे सामान नाही, अशा स्थितीत ती फौज दोड्डेरीच्या लहानशा गढीच्या आश्रयास गेली.

येथपर्यंतचे काम घोड्यांचे. पण गढीच्या भिंतीवर घोडे काय करणार? येथून पुढे पायदळाची पाळी आली. कर्नाटकातील काळ्या वर्णाचे बंदुकधारी प्यादे नेमबाजीत त्या काळी नावाजलेले होते. चित्रदुर्गाचा नायकही या वेळी मराठ्यांस मिळाला होता. हे बंदुकवाले चारी बाजूंनी आडोसे धरून बसले. बाहेर येईल तो टिपला जाऊ लागला. गढीतील धान्य संपले, वैरण संपली. भुकेली घोडी एकमेकांच्या शेपट्या चघळू लागली, असे मोगलांच्याच इतिहासकाराने नमूद केले आहे. कासिमखान तेथेच मरण पावला. खानाजादखानाने वीस लाख रुपये खंडणी कबूल केली आणि हत्ती, घोडी, तोफा, खजिना सारे देऊन सुटका करून घेतली.

उपाशी बाहेर आलेल्या शत्रूच्या माणसांस मराठ्यांनी भाकरी आणि पाणी दिले, हीही नोंद शत्रूच्या बाजूनेच झालेली आहे. लढाई संपल्यावर भुकेल्याशी वैर नाही, हा धर्म त्या रणांगणावर पाळला गेला. विजयाइतकीच ही गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

बसवापट्टण

कासिमखानाच्या मदतीस हिम्मतखान बहादुर निघाला होता. तो पश्चिमेस बसवापट्टणास अडकून राहिला होता. १६९६ च्या जानेवारीत संताजीराव त्याच्यावर चालून गेले. येथे पायदळाला त्यांनी प्रथमपासूनच मुख्य स्थान दिले. कर्नाटकी बंदुकवाले एका टेकडीवर जागा धरून बसविले आणि स्वार पुढे पाठविले. हिम्मतखान शूर होता. त्याने पूर्वी एकदा, १६९३ मध्ये, संताजीरावांस मागे हटविलेही होते. तो थोड्या लोकांनिशी टेकडीवर चढला आणि त्याने पायदळाचे पुष्कळ लोक कापून काढले. पण प्यादे जागा सोडून पळाले नाहीत. त्यांच्यातील एकाची गोळी खानाच्या कपाळी लागली आणि लढाईचा निकाल लागला.

त्या बंदुकवाल्याचे नाव इतिहासात राहिले नाही. दोड्डेरीस पेशखाना निघाल्याची खबर आणणाऱ्या स्वाराचेही नाव राहिले नाही. एकाने पाहिले, दुसऱ्याने धरून ठेवले, आणि दोघांच्या कष्टावर सेनापतीच्या नावाचा कळस चढला. दोघांपैकी एकही कमी पडता तर तो चढला नसता.

खाफीखानासारख्या मोगल इतिहासकाराने संताजीरावांविषयी लिहिताना आपल्या पक्षाची लाज झाकलेली नाही. त्यांच्याशी गाठ पडलेला सरदार मेला, जखमी झाला किंवा कैद झाला, आणि जीव घेऊन सुटलाच तर फौज व सामान गमावून सुटला, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. शत्रूने दिलेल्या या दाखल्याहून मोठा किताब कोणता?

शिस्त, कटुता आणि अंत

पण मोठ्या माणसाच्या चरित्रातील उणी बाजू झाकून ठेवणे हाही एक अन्यायच होय. संताजीरावांची शिस्त अत्यंत कडक होती. हुकूम मोडणाऱ्यास ते कठोर शिक्षा देत आणि लहानशा अपराधासाठीही हत्तीच्या पायी देत, असा त्यांचा लौकिक झाला होता. शिवछत्रपतींच्या वेळी बारगीर सरकारी पगारावर होता आणि मोहिमेतील लूट सरकारजमा होई. आता बहुतेक शिलेदार स्वतःच्या घोड्यावर आलेले, आपल्या सरदारास मानणारे आणि लुटीवर पोट भरणारे होते. अशांस शिस्तीत ठेवणे अवघड होते. संताजीरावांचा जाच त्यांना सोसवेना. धनाजी जाधवराव मनमिळाऊ, माणसे जोडणारे. साहजिकच अनेकांचा ओढा त्यांच्याकडे गेला. राजाराम महाराजांशीही संताजीरावांचे बोलणे वितुष्टापर्यंत गेले.

१६९६ मध्ये जिंजी प्रांतात संताजीराव आणि धनाजीराव यांच्यात प्रत्यक्ष लढाई झाली. स्वराज्याचे दोन हात एकमेकांवर उठले. धनाजीरावांचा पराभव झाला. त्यांच्या बाजूने लढणारे अमृतराव निंबाळकर पकडले गेले आणि संताजीरावांनी त्यांस हत्तीच्या पायी दिले. प्रत्यक्ष महाराजही त्यांच्या हाती सापडले. पण दुसऱ्याच दिवशी हात बांधून ते धन्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी क्षमा मागितली, असे सांगतात. स्वामिनिष्ठा होती, पण जिभेवर आणि रागावर ताबा नव्हता. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्यांची पत्नी होती. त्या घरात सूडाची आग पेटली.

१६९७ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा धनाजीरावांची गाठ पडली. या खेपेस संताजीरावांचेच लोक त्यांना सोडून गेले. पराभूत सेनापती थोड्या सोबत्यांनिशी शंभू महादेवाच्या डोंगराकडे, माणदेशात गेले. जून महिन्यात एका ओढ्यावर ते स्नानास बसले असता नागोजी माने यांनी त्यांस गाठले आणि त्यांचा शिरच्छेद झाला. ते मस्तक पुढे बादशहाकडे पोचले.

ज्या पुरुषाने सारे आयुष्य शत्रूच्या हालचालींवर डोळा ठेवला त्याच्याभोवती त्या सकाळी पहारा नव्हता. पर्वतापलीकडची मोगल फौज त्यांना दिसत होती, पण स्वतःच्या गोटातले दुखावलेले मन दिसले नाही. वडील गेले ते शत्रूच्या हेरांमुळे, मुलगा गेला तो आपल्यांच्याच सूडामुळे. बादशहाला सात-आठ वर्षे जे साधले नाही ते आपापसातील फुटीने एका सकाळी साधून दिले.

मागे राहिले ते

संताजीरावांच्या चरित्रात एक कोवळी आठवणही आहे. कोकणातील म्हापणचा नारो महादेव जोशी नावाचा पोरका मुलगा आईबरोबर घाटावर आला होता. कापशीस संताजीरावांच्या घोड्यांची तो आवडीने देखभाल करी, अशी कथा आहे. मुलाची घोड्यावरची माया पाहून सेनापतींनी त्याला आपल्याजवळ ठेवले, मोहिमांवर नेले आणि वाढविले. सेनापतींच्या पडत्या काळात अनेकांनी पाठ फिरविली, पण नारो महादेवाने त्या कुटुंबाशी इमान राखले आणि उपकाराची आठवण म्हणून घोरपडे हेच आडनाव धारण केले. इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे घराणे याच पुरुषापासून सुरू झाले. १७१३ मध्ये त्यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई यांच्याशी झाला. तबेल्यात घोडी राखणाऱ्या मुलाच्या गुणांची पारख ज्याने केली त्या सेनापतीचे हृदय केवळ कठोर नव्हते, याची ही साक्ष.

आज युद्धातून घोडे जवळपास गेले. जयपूर येथील ६१ वी घोडदळ पलटण हे त्या युगाचे मोठे स्मारक उरले आहे. टेहळणीस आता विमाने आहेत, यंत्रे आहेत, आकाशात फिरणारे उपग्रह आहेत. पायदळ मात्र तसेच आहे. पाठीवर ओझे घेऊन चढण चढणे आणि मिळालेली जागा न सोडणे, हे त्याचे काम बदललेले नाही. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीत या भागातील कितीतरी घरांची मुले भरती झाली. शिरोळ तालुक्यातील एका गावाने तर सैनिक टाकळी हेच नाव मिरविले. जुन्या काळी शंभर होनांवर राबणाऱ्या त्या पायदळाचा वारसा या मुलांनी चालविला आहे.

गावाचा संसारही फौजेसारखाच असतो. दूरचे पाहणारी काही माणसे लागतात आणि ठाण मांडून काम करणारी पुष्कळ लागतात. देवळाचा जीर्णोद्धार व्हावा हे प्रथम कोणाला तरी सुचते. पण माती उपसणारे, दगड वाहणारे, पदरचे चार पैसे आणि दोन दिवसांची मजुरी देणारे हात नसतील तर ते सुचलेले मनातच राहते. आणि हे सर्व असूनही एकमेकांची मने दुखावली गेली, तर बांधलेले टिकत नाही. संताजीरावांचे आयुष्य या तिन्ही गोष्टी शिकवते, पहिल्या दोन त्यांच्या यशातून आणि तिसरी त्यांच्या अंतातून.

ग्रामदेवतेच्या शिखरावर कळस चढत असता, बादशाही डेऱ्याचा कळस उतरविणाऱ्या त्या रणधुरंधर सेनापतीस, त्यांच्या पुढे धावलेल्या अनाम स्वारांस आणि मागून चालत आलेल्या अनाम प्याद्यांस त्रिवार वंदन असो.